आइसलँडला जाण्याआधी: वारा, वाटा आणि ‘काही होत नाही हो’

आजच्या व्याख्यानासाठी नाव नोंदवताना तुम्ही जे प्रश्न लिहून पाठवलेत, ते आम्ही दोघांनी परवा बसून वाचले. त्यांचे तीन गठ्ठे झाले. शाकाहारी माणसाचं तिथे काय होणार, हा पहिला. थंडी किती असते, हा दुसरा. आणि तिसरा, आकाशातले ते हिरवे दिवे, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, नक्की दिसतील ना? वाऱ्याबद्दल मात्र एकाही चिठ्ठीत प्रश्न नव्हता. म्हणून आज वाऱ्यापासूनच सुरुवात करतो. जेवणाचं शेवटी येईल. काळजी करू नका, आम्ही दोन वेळा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा वजन वाढवून आलो.

आधी देशाचा अंदाज घेऊ. आइसलँडचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास राहतात. उरलेला देश जवळपास रिकामा. आपल्याकडे घाटात गाडी बंद पडली तर पाच मिनिटांत दहा माणसं गोळा होतात, त्यातली आठ सल्ला देतात आणि दोन धक्का मारतात. तिथे अर्धा तास कुणी दिसणारही नाही. बाकीचं सगळं या एका गोष्टीशी जोडलेलं आहे.

तर वारा. पहिल्या खेपेला दक्षिण किनाऱ्यावर एका पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. ऊन पडलं होतं, छान वाटत होतं. आमच्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, समोरच बसले आहेत) गाडीचं दार उघडलं आणि ते हातातून सुटून पुढच्या बाजूला असं उलटलं की बिजागरीच वाकली. दार पुन्हा लागेना. पुढचे ऐंशी किलोमीटर आम्ही ते आतून दोरीने बांधून काढले. गाडी परत करताना बिल हातात आलं. आम्ही म्हटलं, अहो, पूर्ण विमा घेतला होता. काउंटरवरच्या मुलीने करारातली ओळ दाखवली: वाऱ्याने दार उलटून झालेलं नुकसान विम्यात धरलेलं नाही. तिथल्या बहुतेक करारांत ही ओळ असते. आम्ही ती वाचली नव्हती, चूक आमचीच. म्हणून सांगतो, गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा आणि एका वेळी एकच दार उघडा. मागे लहान मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की दाराला हात लावायचा नाही.

तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात सांगतात. हवामानाच्या पानावर ‘२०’ वाचून आपल्याला वाटतं, वीसच तर आहे. त्याला ३.६ ने गुणा, ताशी ७२ किलोमीटर होतात. ‘२५’ म्हणजे ताशी ९०. एवढ्या वाऱ्यात उंच गाड्या, कॅम्पर व्हॅन रस्त्यावरून ढकलल्या जातात, आणि डोंगराच्या पायथ्याशी येणारे झोत याहून जोराचे असतात. आइसलँडचं हवामान खातं पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. लाल असेल तर घरात बसायचं, यावर कुणाचा वाद नसतो. फसतात ते पिवळ्या आणि नारिंगीत. कारण हॉटेलचे पैसे भरलेले असतात, उद्याचा मुक्काम तीनशे किलोमीटरवर असतो, आणि गाडीतलं कुणीतरी म्हणतं, ‘काही होत नाही हो, हळूहळू जाऊ.’

हे वाक्य आज बऱ्याचदा येणार आहे.

थंडीचं उत्तर इथेच देऊन टाकतो. देशाचं नाव बर्फाचं असलं तरी समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. शिमला-मनाली केलेल्या माणसाला त्यात नवल नाही. पण शून्य अंश, आडवा पाऊस आणि वारा हे तिन्ही एकत्र आले की कपाटातला जाड स्वेटर कुचकामी ठरतो. बाहेरचं जाकीट आणि पँट वारा व पाणी अडवणारी हवी, आत लोकर. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, ती नकोच. छत्री तर इथेच ठेवून जा. आमची पहिल्याच दिवशी मोडली.

आता रस्ते. संपूर्ण बेटाला वळसा घालणारा ‘एक नंबरचा’ रस्ता आहे, रिंग रोड. १९७४ मध्ये तो पूर्ण जोडला गेला. लांबी सुमारे १३२२ किलोमीटर. आपण लगेच हिशेब करतो, पुणे ते नागपूर जाऊन परत येण्यापेक्षा थोडं कमीच की! पाच दिवस पुष्कळ झाले. जूनमध्ये कदाचित होतीलही, कारण तेव्हा रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल. डिसेंबरच्या अखेरीस रेक्याविकला सूर्य उगवतो सकाळी सव्वा अकराच्या पुढे आणि मावळतो साडेतीनच्या सुमारास. उरलेला प्रवास अंधारात, त्यात रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फ, जो दिव्याच्या उजेडातही ओला डांबरी रस्ता वाटतो. हिवाळ्यात रिंग रोड पूर्ण करायचा हट्ट धरू नका. रेक्याविकला राहा, दक्षिण किनारा थोडा बघा. आणि कुठल्याही मोसमात एक दिवस मोकळा सोडाच. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटाच्या दुसऱ्या टोकाला मुक्काम ठेवलात, तर वादळातही गाडी काढण्यावाचून तुमच्यापुढे मार्ग उरत नाही. आमच्या मते बरेचसे धोके गाडीत बसण्याआधीच, घरी आरक्षण करताना तयार होतात.

गाडी उजव्या बाजूने चालवायची. दिवे दिवसाही चालू. डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, वस्तीत साधारण ५०. डांबर संपून एकदम खडी सुरू होते, त्या जोडावर वेग कमी केला नाही तर गाडी घसरते. एकेरी पुलाची पाटी दिसेल: ‘एनब्रेद ब्रू’. जो पुलाजवळ आधी पोचला तो आधी जाणार, असा रिवाज आहे. तरी आम्ही सांगू, थांबा आणि समोरच्याला जाऊ द्या. २०१८ च्या डिसेंबरात नूप्सव्होत्न नदीवरच्या अशाच एका एकेरी पुलावरून गाडी खाली कोसळली आणि भारतीय वंशाच्या एका ब्रिटिश कुटुंबातले तिघे गेले. सहलीला आलेलं कुटुंब होतं, तुमच्या-आमच्यासारखं.

अजून एक. धबधबा दिसला, घोडे दिसले, इंद्रधनुष्य दिसलं की रस्त्यातच गाडी थांबवून फोटो काढायचा मोह होतो. या रस्त्यांना कडेला थांबायला जागाच नसते. मागून नव्वदच्या वेगाने येणाऱ्याला तुम्ही वळणापलीकडे उभे आहात हे कळणार कसं? फोटोसाठी ठिकठिकाणी वाहनतळ केलेले आहेत, तिथेच थांबा. रस्ता सोडून शेवाळावर किंवा वाळूत गाडी घालणं हा तिथे गुन्हा आहे, जबर दंड होतो. ते शेवाळ पुन्हा उगवायला कित्येक दशकं लागतात. नावाआधी ‘एफ’ असलेले डोंगरी रस्ते फक्त उन्हाळ्यात उघडतात आणि त्यांवर चारही चाकांना ताकद देणारीच गाडी चालते. वाटेत नद्या लागतात, त्यांवर पूल नसतात. नदीत गाडी बंद पडली तर तेही नुकसान साधारणपणे विम्यात नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

पडद्यावर आता जो फोटो आहे, तो नीट बघा. काळी वाळू, मागे दगडी खांब एकाला एक चिकटलेले. मुंबईकरांना ओळखीचं वाटेल. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला असेच खांब आहेत. दोन्हीकडे बेसॉल्टच, लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा पडतात आणि असे बहुकोनी खांब तयार होतात. आपले सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, हे भूविज्ञानाच्या मानाने अगदी ताजे. ही जागा म्हणजे व्हीक गावाजवळचा रेनिसफ्यारा किनारा. रेक्याविकहून दिवसभराच्या सहली इथे येतात, त्यामुळे तुम्हीही जाल.

इथे दर काही वर्षांनी माणसं मरतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एक लहान मुलगी लाटेत गेली.

असं का होतं, ते समजून घ्या. या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेला गेलं तर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. एवढ्या मोकळ्या समुद्रावरून लाटा ताकद गोळा करत येतात. त्यात किनाऱ्यालगत तळ एकदम खोल होतो, त्यामुळे लाट आधी दूरवर फुटून दमत नाही, ती थेट अंगावर येते. पाच-दहा मिनिटं लाटा शहाण्यासारख्या येतात-जातात आणि मग एक अशी येते की बाकीच्यांच्या कितीतरी पुढे वाळूवर चढते. पाणी गुडघ्याएवढंच असतं, पण परतताना पायाखालची वाळू काढून नेतं. माणूस पडला की ते त्याला उतारावरून ओढतं. पाणी बर्फासारखं थंड, अंगावर जाड भिजलेले कपडे. पोहता येतं की नाही, हा प्रश्नच राहत नाही.

आपण कोकणातले, गोव्यातले किनारे बघत वाढलेली माणसं. लाट आली की मागे पळायचं, गेली की पुढे जायचं, हा आपला लहानपणापासूनचा खेळ. नेमका तोच खेळ तिथे जीव घेतो. २०२२ पासून तिथे समुद्राची स्थिती दाखवणारे दिवे आणि मोठा फलक आहे. दिवा लाल असेल तर वाळूत उतरायचंच नाही. इतर वेळीही ओल्या वाळूपासून लांब राहा, समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका आणि मुलांचा हात सोडू नका. त्या खांबांवर चढून बसलेले लोक दिसतील; लाट आली तर त्यांना उतरायला वाव नसतो. आम्ही तिथे असताना आपल्याच भाषेत बोलणारं एक कुटुंब फलकासमोरून चालत गेलं. आजोबा म्हणाले, ‘अरे, पाटी वाच.’ आणि मुलगा म्हणाला… काय म्हणाला असेल, ते आता तुम्हीच सांगा.

तिथे कठडा का घालत नाहीत, असं बरेच जण विचारतात. किनाऱ्याला कठडा कसा घालणार, हा एक भाग. दुसरा असा की तिथे माणसाला सहसा अडवत नाहीत, माहिती देतात. पाटी असते, दिवा असतो, फार तर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक दोरी असते. आपल्याकडे दोरी म्हणजे ‘शक्यतो जाऊ नका’. तिथे तीच शेवटची सूचना. गायसीरच्या परिसरात स्त्रोक्कुर नावाचा कारंज्यासारखा झरा दर पाच-दहा मिनिटांनी उडतो. आजूबाजूच्या डबक्यांतलं पाणी ऐंशी ते शंभर अंश असतं आणि चिखलाचा वरचा थर कधी कधी पापडासारखा पातळ. दोरी ओलांडलीत तर तो पाय भाजी उकडावी तसा उकडेल. स्त्रोक्कुर बघताना वारा ज्या दिशेने वाहतोय त्या बाजूला उभे राहू नका, गरम तुषार अंगावर येतात. योकुल्सारलोनच्या हिमसरोवरात तरंगणाऱ्या हिमखंडांवरही चढायचं नाही, ते अचानक उलटतात.

आणि आपण अडकलोच तर सोडवायला कोण येतं? आइसलँडला स्वतःचं सैन्य नाही. डोंगरातून, हिमनदीवरून, समुद्रावरून माणसं काढून आणण्याचं मोठं काम लांद्सब्योर्ग या संस्थेचे स्वयंसेवक करतात. देशभर त्यांची नव्वदच्या आसपास पथकं आहेत. यातला कुणी सुतार, कुणी शिक्षिका, कुणी मेंढपाळ. फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं, पगार नाही. संस्थेच्या खर्चाचा मोठा वाटा कशातून येतो माहीत आहे? नववर्षाच्या रात्रीच्या फटाक्यांच्या विक्रीतून. सारा देश त्यांच्याकडून फटाके घेतो. म्हणजे आपण इशारा असताना निघालो आणि खिंडीत अडकलो, तर रात्री दोन वाजता एखादी शिक्षिका आपल्या मुलांना झोपलेलं सोडून, आपण अडकलो त्याच वादळात गाडी घेऊन निघते. सहसा ती आपल्याकडून पैसेही घेत नाही. हे कळल्यापासून आमच्या गाडीत ‘काही होत नाही’ म्हणायला बंदी आहे.

त्यांचं सेफट्रॅव्हल नावाचं संकेतस्थळ आहे. रोज सकाळी ते बघा, हवामान खात्याचं पान बघा आणि रस्ते खात्याचा नकाशा बघा. त्यात कुठला रस्ता उघडा, कुठे बर्फ, कुठे बंद, हे रंगांत दिसतं. आडवाटेला जाणार असाल तर सेफट्रॅव्हलवर बेत नोंदवून ठेवता येतो. आणीबाणीचा क्रमांक ११२. त्याचं ॲपही आहे, कळ दाबली की तुमचं ठिकाण त्यांना कळतं. ते इथूनच फोनमध्ये घालून जा.

ज्वालामुखीबद्दल थोडक्यात. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्लच्या राखेने युरोपची विमानं बंद पाडली, ते आठवत असेल. २०२१ पासून रेक्यानेस द्वीपकल्पात, म्हणजे विमानतळ ज्या भागात आहे तिथेच, वारंवार उद्रेक होत आले आहेत. ग्रिंदाविक गाव १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री रिकामं करावं लागलं. जवळचं प्रसिद्ध ब्लू लगूनही तेव्हापासून अनेकदा बंद झालं, पुन्हा उघडलं. विमानं मात्र बहुतेक वेळा चालू राहिली, त्यामुळे घाबरून सहल रद्द करायचं कारण नाही. ताज्या लाव्ह्यावर पाय ठेवायचा नाही, एवढं लक्षात असू द्या. वरून काळा आणि थंड दिसतो, आत वितळलेलाच असतो. शिवाय वायू असतात, त्यांचा दर वेळी वास येईलच असं नाही.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही आणि तिथे गेल्यावर सगळे अडखळतात, ते सांगतो. तरणतलाव. आइसलँडच्या जवळपास प्रत्येक गावात जमिनीतल्या गरम पाण्यावर चालणारा सार्वजनिक तलाव असतो, उघड्यावर. वर बर्फ पडतोय आणि आपण गळ्यापर्यंत चाळीस अंशांच्या पाण्यात. आपल्याकडे पारावर चालतात त्या गप्पा तिथे या पाण्यात चालतात. ब्लू लगूनपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि आमच्या मते जास्त मजेचं. पण पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता, साबण लावून अंघोळ करणं सक्तीचं आहे. बायकांची आणि पुरुषांची न्हाणीघरं वेगळी, पण आत बहुधा आडोसा नाही. कुठे कुठे धुवायचं याचं चित्र भिंतीवर लावलेलं असतं आणि कुणी टाळाटाळ केली तर कर्मचारी येऊन सांगतात. कारण साधं आहे, पाण्यात क्लोरीन कमीत कमी घालावं लागावं. आम्हाला पहिल्या दिवशी इतकं अवघडलं की आम्ही दारातून परत आलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तिथे कुणी कुणाकडे बघतच नाही. काही ठिकाणी एखादी बंद खोली असते, हवी तर विचारा. पण कपड्यांवरूनच पाणी ओतून सटकू नका, ते त्यांना आपल्याकडे चपला घालून देवघरात शिरण्यासारखं वाटतं.

त्याच गरम पाण्याला नळात गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्यात काही वाईट नाही. पण चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी, पैंजण काढून ठेवा. थंड पाण्याचा नळ मात्र वेगळा, ते पाणी बिनवासाचं आणि उत्तम. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका.

माणसांना नावाने हाक मारायची. तिथे आडनावं फारशी नाहीत. योनचा मुलगा योन्सन, योनची मुलगी योन्सदोत्तिर. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, ते त्यांच्याकडे शेवटी येतं, एवढं समजा. राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात. तेव्हा सर, मॅडम नको.

जेवण. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं, वाटलं होतं त्यापेक्षा महाग. बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून भाजी, ब्रेड, डाळ घेऊन राहत्या घरी रांधणं सर्वांत परवडतं. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि मसाले घरून न्या. दूध-मांसाचे पदार्थ नेण्याआधी तिथल्या सीमाशुल्काचे नियम वाचा. त्यांचं स्कीर आपल्या चक्क्याच्या जवळ जातं. काही प्रकारांत प्राणिज रेनेट असतं, काटेकोर शाकाहारी असाल तर वेष्टन बघा. गायसीरच्या वाटेवर फ्रिद्हेइमार नावाचं टोमॅटोचं हरितगृह आहे. झाडांमध्ये बसून टोमॅटोचं सूप आणि ब्रेड मिळतो. आरक्षण आधी करावं लागतं. पैशांचा व्यवहार सगळा कार्डावर. बरेच पेट्रोल पंप बिनमाणसाचे असतात आणि पिन मागतात, तेव्हा कार्डाचा पिन पाठ हवा.

हिरव्या दिव्यांना अंधार आणि निरभ्र आकाश दोन्ही लागतं. सप्टेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत शक्यता असते. मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत रात्र इतकी उजळ असते की विचारूच नका. मध्यरात्रीचा उजेड आणि हे दिवे एकाच सहलीत दाखवतो, असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. हवामान खात्याच्या पानावर ढगांचा नकाशा असतो, पांढरा भाग म्हणजे मोकळं आकाश. आणि डोळ्यांना ते फोटोइतके हिरवे दिसत नाहीत. आम्हाला पहिल्या रात्री राखाडी ढगच वाटला होता, मग तो हलायला लागला.

व्हिसा शेंगेनचा, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. भारतातून थेट विमान नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या.

इथे थांबतो. त्या कोपऱ्यातल्या काकूंनी मघापासून हात वर केलाय. सत्तरीत गुडघे दुखत असताना जाता येईल का, असं विचारताहेत. काकू, जरूर जा. जूनमध्ये जा, गाडी स्वतः न चालवता बसच्या सहली घ्या. हिवाळ्यातच जायचं असेल तर बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. आणि संध्याकाळी गरम पाण्याच्या तलावात बसा, गुडघ्यांना बरं वाटेल. पुढचा प्रश्न कुणाचा?